स्टिरॉइडने निवळणारा आणि पुन्हा लाल होणारा डोळा

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. ६२ वर्षांच्या एका बाईंचे पाच महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, महिन्याभरात नजर ६/९ पर्यंत आली आणि तिसऱ्या महिन्यात डोळा किंचित लाल होऊन धूसर दिसू लागले. तासातासाने स्टिरॉइडचे थेंब घातल्यावर आठ दिवसांत डोळा निवळला, पण थेंब कमी करत आणले की पुन्हा तेच, असे आतापर्यंत तीनदा झाले आहे. पुढच्या कप्प्यातील पाण्याचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) ‘४८ तासांत वाढ नाही’ अशा शेऱ्यासह परत आले आहे. कृत्रिम भिंगामागची पिशवी आता पांढरट दिसत असल्याने ती भेदणारा याग लेसर करावा का, तोंडाने स्टिरॉइड सुरू करावे का आणि हा मुळात डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग असू शकतो का, असे आपण विचारले आहे. अशा नेहमीपेक्षा वेगळ्या संसर्गांची ओळख कशी पटवावी, हेही आपल्याला हवे आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे अवलंबून आहे. हा संसर्ग नाही असे सिद्ध होईपर्यंत तो संसर्गच आहे असे धरून चालावे. तोंडाने स्टिरॉइड देऊ नये. याग लेसर तर आज मुळीच करू नये.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी कळा मारणारा, पू साचलेला, पापण्या सुजलेला डोळा ओळखायला आपल्यापैकी कोणालाच अडचण येत नाही. फसवतो तो न दुखणारा डोळा. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा त्वचेवर आणि पापण्यांच्या कडांवर सुखाने राहणारा, प्राणवायू नको असलेला, अत्यंत मंद वाढणारा जीवाणू ऑपरेशनच्या वेळी भिंगाबरोबर पिशवीत शिरला, तर पिशवीच्या दोन पदरांमध्ये त्याला हवी तशी बंद खोली मिळते. तिथे तो भिंगाच्या पृष्ठभागावर स्वतःभोवती पातळ थर तयार करून बसतो. शरीराच्या संरक्षक पेशी आणि आपली औषधे दोन्ही तिथपर्यंत नीट पोहोचत नाहीत. मधूनमधून काही जंतू बाहेर निसटले की दाह होतो, स्टिरॉइडने तो दाह दबतो आणि जंतू मात्र जागचा हलत नाही. म्हणून ‘स्टिरॉइडने बरे वाटले, अर्थात हा युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) होता’ हा निष्कर्ष इथे उलटा ठरतो. स्टिरॉइडला मिळालेला पहिला प्रतिसाद काहीच सिद्ध करत नाही. थेंब कमी करताना दाह प्रत्येक वेळी परत येणे हाच खरा पुरावा.

बाहुली पूर्ण मोठी करून, स्लिटलॅम्पचा झोत तिरका टाकून भिंगाची कडा पाहावी. नुसत्या दाटलेल्या पिशवीत मोत्यांसारखे पारदर्शक फुगे किंवा सुरकुत्या दिसतात. संसर्गाचा थर मात्र खडूच्या भुकटीसारखा, अपारदर्शक, बहुधा पिशवीच्या परिघाकडे साचलेला असतो आणि बाहुली पुरेशी मोठी झाली नाही तर तो बुबुळामागे दडून राहतो. पारपटलाच्या (कॉर्नियाच्या) मागच्या बाजूला चिकटलेले केपी, म्हणजे दाहातील पेशींचे ठिपके, मोठे, तुपकट असतील तर संशय बळावतो. हा थर फक्त दाटलेली पिशवी समजून त्यावर याग लेसर मारला, तर इतके दिवस कोंडून असलेले जंतू एका झटक्यात काचाभ द्रवात (डोळ्याच्या मागच्या भागातील जेलीत) उतरतात आणि धुमसणारा डोळा दोन-चार दिवसांत पेटतो. असे डोळे लेसरनंतर आठवड्याभरात माझ्याकडे आलेले आहेत, म्हणून इतके ठासून लिहितो.

हाच देखावा कँडिडासारखी बुरशीही उभा करते, तेव्हा पांढरा थर दिसला म्हणजे तो जीवाणूच असे समजू नये. संसर्गाखेरीजची कारणेही तपासावीत: मूळ भिंगाचा एखादा तुकडा मागे राहिला आहे का, कृत्रिम भिंगाची कडा बुबुळाला घासते आहे का, क्षयरोग किंवा सार्कॉइड या दाहाच्या आजाराचा मागमूस आहे का. साठीच्या पुढच्या रुग्णात काचाभ द्रवात पेशींचे थवे आहेत, डोळा फारसा लाल नाही आणि स्टिरॉइडने काही आठवडे सुधारणा होऊन पुन्हा तेच चालू आहे, असे चित्र असेल तर डोळ्यातला लिम्फोमाही (एक कर्करोग) मनात ठेवावा. तो संसर्ग नव्हे, पण त्याचे सोंग मात्र हुबेहूब वठवतो.

‘४८ तासांत वाढ नाही’ या शेऱ्याबद्दल. अ‍ॅक्नेसची वाढ दिसायला आठवडा-दीड आठवडा सहज लागतो, तोही नमुना प्राणवायूविरहित माध्यमात घातला असेल तर. बुरशीलाही वेळ लागतो. सर्वसाधारण लॅबमध्ये लघवीच्या कल्चरची घडी बसलेली असते. तिसऱ्या दिवशी प्लेट टाकून दिली जाते आणि छापील अहवाल येतो. त्यात लॅबची चूक नाही; आपण त्यांना सांगितलेच नव्हते. यापुढे विनंतीच्या कागदावर ‘डोळ्यातील नमुना, १४ दिवस ठेवावा, प्राणवायूविरहित आणि बुरशीचे कल्चरही करावे’ असे ठळक लिहावे आणि मायक्रोबायोलॉजिस्टला स्वतः फोन करावा. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एन्डॉफ्थाल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडीत (डोळ्याच्या आतला संसर्ग आणि काचाभ द्रव कापून काढण्याचे ऑपरेशन यांवरच्या अभ्यासात) ४२० रुग्ण होते, निदान चोख होते, नमुने काळजीपूर्वक घेतले गेले होते, तरी खात्रीशीर वाढ सुमारे ६९ टक्क्यांतच मिळाली. तेव्हा एका नकारात्मक कल्चरवर विसंबून संसर्ग नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. जाता जाता हेही सांगतो की त्या अभ्यासात मोतीबिंदू किंवा दुय्यम भिंगरोपणानंतर सहा आठवड्यांच्या आत झालेला संसर्गच घेतला होता. त्यातील सर्व रुग्णांना तोंडाने प्रेडनिसोन दिले होते आणि आपल्याकडे अनेकांची सवय तिथूनच आलेली आहे. उशिरा होणारा, रक्तातून आलेला, जखमेतून शिरलेला किंवा बुरशीचा संसर्ग त्या अभ्यासाच्या कक्षेतच नव्हता, म्हणून त्याचे निष्कर्ष इथे उसने घेता येत नाहीत.

नमुना कसा घ्यावा हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण निम्मे निदान तिथेच हातचे जाते. पुढच्या कप्प्यातील पाण्यापेक्षा काचाभ द्रवात जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. कृत्रिम भिंग असलेल्या डोळ्यात लिंबसपासून (पारपटलाच्या कडेपासून) ३.५ मिमीवर, नैसर्गिक भिंग असलेल्यात ४ मिमीवर २३ गेजच्या सुईने ०.२ ते ०.३ मिली द्रव हलक्या हाताने ओढावा. काही येत नसेल तर जोर लावू नये; पडदा (रेटिना) ओढला जातो. अशा वेळी व्हिट्रेक्टरने (द्रव कापून ओढणाऱ्या यंत्राने), पाण्याची धार सुरू करण्याआधी, न पातळलेला नमुना घेणे उत्तम. सिरिंज टोपण लावून लॅबच्या शिपायाच्या हातात देण्यापेक्षा प्लेट आधीच ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) मागवून घ्याव्यात आणि तिथल्या तिथे एकेक थेंब ब्लड अगार, चॉकलेट अगार, सॅबरो आणि थायोग्लायकोलेट या वाढमाध्यमांमध्ये घालावा. दोन-तीन काचपट्ट्या ग्रॅम, केओएच (बुरशी पाहण्यासाठी) आणि आम्लरोधक रंजनासाठी ठेवाव्यात. काचपट्टीवर तंतू दिसले की अर्ध्या तासात उपचाराची दिशा ठरते. कल्चर नंतर येऊन त्यावर शिक्कामोर्तब करते. नमुना घेतल्याशिवाय पहिले इंजेक्शन देऊ नये, हा नियम घाईच्या रात्रीही मोडू नये.

काचपट्टीवर फांद्या फुटलेले, मण्यांच्या माळेसारखे तुटक दिसणारे बारीक तंतू आढळले तर ते बुरशीचे म्हणून घाईने अ‍ॅम्फोटेरिसिन भरू नये. बुरशीचे तंतू जाड असतात. हे बारीक तंतू नोकार्डियाचे असू शकतात आणि तो जीवाणू आहे. आम्लरोधक रंजनात नेहमीच्या तीव्र आम्लाऐवजी एक टक्का सल्फ्युरिक आम्लाने रंग उतरवून पाहिले तर तो लाल राहतो. ऑपरेशनच्या बोगद्यासारख्या छेदापाशी किंवा पारपटलाच्या मागे पांढरे, गाठीगाठींचे पुंजके आणि न जुमानणारा दाह हे त्याचे रूप. नेहमीच्या व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकावर इथे भरवसा ठेवता येत नाही. अ‍ॅमिकासिन ४०० मायक्रोग्रॅम डोळ्यात आणि जोडीला तोंडाने कोट्रायमॉक्सॅझोल, असा मार्ग धरावा लागतो. अ‍ॅमिकासिन पडद्याच्या केंद्राचा रक्तपुरवठा बंद पाडू शकते, म्हणून मात्रा मोजताना दोघांनी मोजावी आणि पुन्हा पुन्हा देण्याआधी विचार करावा. झपाट्याने वाढणाऱ्या गटातील क्षयरोगेतर मायकोबॅक्टेरिया, विशेषतः चेलोनी, याच पठडीत बसतात. त्यांच्यावरचा उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि एकट्या नेत्रतज्ज्ञाने तो ओढू नये.

आता आपण न विचारलेल्या, पण आपल्या भागात वरचेवर भेटणाऱ्या प्रकाराकडे वळतो. डोळ्याला हात लागलेला नाही, ऑपरेशन नाही, मार नाही, आणि तरीही आत संसर्ग: तो रक्तातून येतो. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. गावातल्या खोलीत, खिळ्याला बाटली टांगून. पाश्चात्त्य पुस्तकांत रक्तातून येणारी बुरशी म्हटली की अतिदक्षता विभाग, केमोथेरपी, शिरेतून घेतले जाणारे अमली पदार्थ यांची यादी असते. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी मात्र धडधाकट माणसांत, केवळ दूषित असावे अशा डेक्स्ट्रोजच्या सलाईननंतर झालेले बुरशीचे संसर्ग नोंदवले आहेत. मी अगदी सुरुवातीच्या काळात एका बाळंतिणीला ‘युव्हिआयटिस’ म्हणून दहा दिवस तोंडाने स्टिरॉइड दिले होते. पहिले चार दिवस ती म्हणाली, बरे आहे. अकराव्या दिवशी काचाभ द्रवात कापसाच्या बोंडांसारखे गोळे एका ओळीत तरंगताना दिसले. तेव्हा कुठे मी विचारले आणि तिच्या सासूबाईंनी सांगितले, ‘बाळंतपणानंतर ताकद येईना म्हणून तीन बाटल्या लावल्या होत्या की.’ हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर तिचा डोळा वाचला असता. तेव्हापासून प्रत्येक दाहाच्या रुग्णाला मी ‘काही आजार होता का’ असे न विचारता ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत सलाईन, सुई, लघवीची नळी, मूतखड्याचे ऑपरेशन, दवाखान्यात भरती, यांपैकी काही?’ असे नाव घेऊन विचारतो. सलाईनला लोक आजार मानत नाहीत, त्यामुळे आपणहून सांगत नाहीत. २०२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या मधुमेही रुग्णांत अशा डोळ्यांची भर पडली, तेव्हाही चर्चा नाकातल्या म्युकरमायकोसिसचीच झाली.

मधुमेही रुग्णाला ताप असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल आणि एक-दोन दिवसांत डोळा पूर्ण गढूळ झाला असेल, तर पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी करावी. यकृतातील गळवातून निघालेला क्लेब्सिएला जीवाणू डोळ्याची राख करतो आणि तिथे डोळ्यापेक्षा जीव आधी वाचवायचा असतो.

बुरशीच्या उपचारात औषधाची निवड आणि ते पातळ करण्याची पद्धत, दोन्ही ठिकाणी चुका होतात. शिरेतून दिलेले अ‍ॅम्फोटेरिसिन आणि कॅस्पोफंजिनच्या गटातील औषधे रक्तातली बुरशी मारतात, पण डोळ्याच्या आत पुरेशी उतरत नाहीत. फिजिशियनने ‘अँटिफंगल चालू आहे’ असे लिहिले म्हणजे डोळा सुरक्षित झाला असे नाही. फ्लुकोनॅझोल आत पोहोचते, पण अ‍ॅस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल दोन्ही कामे करते. कँडिडाचे ठिपके फक्त पडद्यात आणि त्याखालच्या थरात असतील, काचाभ द्रव स्वच्छ असेल, तर पोटात घ्यायच्या गोळ्या किमान चार ते सहा आठवडे देऊन भागते. द्रवात गोळे उतरले की मात्र डोळ्यात इंजेक्शन आणि बहुतेक वेळा व्हिट्रेक्टॉमी लागते. अ‍ॅम्फोटेरिसिनची डोळ्यातली मात्रा ०.१ मिलीमध्ये ५ मायक्रोग्रॅम. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या ५० मिलिग्रॅमच्या कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालावे, त्यातील ०.१ मिली काढून ५ टक्के डेक्स्ट्रोजने एकूण १० मिली करावे आणि त्यातले ०.१ मिली द्यावे. नॉर्मल सलाईन वापरले तर औषध फाटते; दशांशाची चूक झाली तर पडदा जळतो. व्होरिकोनॅझोलच्या २०० मिलिग्रॅमच्या कुपीत १९ मिली पाणी घातले की प्रति मिली १० मिलिग्रॅम होते, ते आणखी दहापट पातळ करून ०.१ मिली, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. ते डोळ्यातून काही तासांत निघून जाते, व्हिट्रेक्टॉमी झालेल्या डोळ्यातून त्याहून लवकर, म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. गोळ्या पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, नंतर २०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणाच्या आधी किंवा नंतर तासाभराच्या अंतराने, आणि यकृताच्या तपासण्या चालू ठेवून. या गोळीने काही रुग्णांना थोडा वेळ रंग बदललेले, झगझगीत दिसते. आधी सांगून ठेवले नाही तर डोळ्याचा रुग्ण घाबरून गोळी बंद करतो.

मार लागलेल्या डोळ्याबद्दल एवढेच: विळा किंवा छिन्नी ठोकताना उडालेला, मातीत लोळलेला लोखंडी कण आत गेला असेल तर बॅसिलस सीरियस २४ तासांत डोळा घालवू शकतो. तो सेफॅलोस्पोरिनांना दाद देत नाही, व्हॅन्कोमायसिनला देतो. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबू नये.

परोपजीवींमध्ये सिस्टिसर्कसचा (पट्टकृमीच्या अळीचा) उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. काचाभ द्रवात तरंगणारा मोत्यासारखा अर्धपारदर्शक फुगा, आणि त्यावर प्रकाशाचा झोत टाकला की आतून हळूच बाहेर डोकावणारे पांढरे डोके. एकदा पाहिलेला माणूस हे विसरत नाही. द्रव गढूळ असेल तर बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीवर) गोल पुटी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला ठळक ठिपका दिसतो. हा किडा अखंड बाहेर काढायचा असतो. अल्बेंडॅझोल देऊन त्याला डोळ्यात मारले तर फुटलेल्या पुटीतील द्रव्यांनी जो दाह होतो त्यात डोळा जातो. याच कारणाने मेंदूतल्या पुट्यांसाठी औषध सुरू करण्याआधी दोन्ही डोळ्यांचे पडदे पाहून घ्यावेत, असा आग्रह आपल्या गावातील फिजिशियनकडे धरावा.

विषाणूंपैकी हर्पिस गटामुळे होणारी तीव्र पडदागळ पडद्याच्या परिघापासून सुरू होते. बाहुली लहान ठेवून पाहणाऱ्याला ती साधा पुढचा युव्हिआयटिस वाटते आणि आठवड्याभरात ती मध्याकडे सरकते. पुढच्या कप्प्यातील ०.१ मिली पाण्याची पीसीआर पाठवावी, पण अहवालाची वाट न पाहता अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून, दर किलोला १० मिलिग्रॅम आठ-आठ तासांनी, सुरू करावे. टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीच्या संसर्गात जुन्या काळ्या डागाच्या कडेला धुक्यातल्या दिव्यासारखा पांढरा पुंजका दिसतो. त्यात कोट्रायमॉक्सॅझोल आधी, स्टिरॉइड एक-दोन दिवसांनी. उलट क्रम कधीही नाही.

पुन्हा आपल्या रुग्णाकडे. स्टिरॉइडचे थेंब तडकाफडकी बंद न करता शक्य तितके खाली आणावेत आणि ज्या केंद्रात व्हिट्रेक्टॉमी आणि डोळ्यांच्या नमुन्यांची सवय असलेली लॅब दोन्ही आहेत तिथे त्यांना या आठवड्यात पाठवावे. नुसते व्हॅन्कोमायसिनचे इंजेक्शन, १ मिलिग्रॅम, देऊन पाहण्याचा मोह होईल. त्याने डोळा महिनाभर शांत राहतो आणि बहुधा पुन्हा उठतो, कारण बंद खोली तशीच राहते. व्हिट्रेक्टॉमी करून थर असलेला पिशवीचा भाग कापून काढावा, पिशवीच्या आत व्हॅन्कोमायसिन पोहोचेल असे पाहावे. एवढ्यावरही परत आले तर पूर्ण पिशवी आणि भिंग काढावे लागते. याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी. ‘म्हणजे पहिले ऑपरेशन चुकले का?’ असे ते विचारतील. हा जंतू त्यांच्या स्वतःच्या पापणीवरचा असतो आणि काळजी घेऊनही क्वचित आत जातो, हे खरे उत्तर आहे. ते शांतपणे, बसून द्यावे.

पाठवताना सर्जनला एक चिठ्ठी जरूर द्यावी: कापलेल्या पिशवीच्या तुकड्याचे दोन भाग करावेत, एक पॅथॉलॉजीसाठी फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा कोरडा किंवा सलाईनच्या थेंबात थेट मायक्रोबायोलॉजीला. ओटीतील सिस्टर सवयीने सगळेच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात आणि फॉर्मलिनमधून आलेल्या तुकड्यावर काहीही वाढत नाही.